अवघड प्रश्नाची तालीम

साहेबांनी चष्मा काढला, मिटून टेबलावर ठेवला, मान खाली घालून क्षणभर थांबले आणि म्हणाले, "हे विचारायला तुम्हाला किती जड गेलं असेल, ते मला कळतं." आणि समोरच्या खुर्चीत बसलेली ती त्या मिटलेल्या चष्म्याकडे बघत राहिली. दिवे तेच होते, तोंडावर मारलेले, डोळ्यांत पाणी आणणारे. टेबलावरचा पाण्याचा पेला तोच होता. कॅमेऱ्यामागे कॅमेरावाला नेहमीसारखा एका पायावर भार टाकून उभा होता आणि कोपऱ्यात वकीलबाई मांडीवर पॅड घेऊन पेन चावत होत्या. काहीही बदललं नव्हतं. फक्त ते वाक्य तिचं होतं. म्हणजे तिला दिलेलं होतं. दोन महिने ती ते उराशी धरून झोपत होती, आणि आज ते या तळघरात, दुसऱ्याच माणसाच्या तोंडून, अगदी तेवढ्याच थांब्यासकट बाहेर पडलं होतं.

हे तळघर म्हणजे कंपनीचा खोटा स्टुडिओ. पूर्वी इथे जुन्या खुर्च्या आणि फुटक्या कपाटांची अडगळ होती. मग भिंतींना करडा रंग दिला, दोन खुर्च्या, एक टेबल आणि तीन दिवे आणले, आणि जो कोणी टीव्हीवर जाणार असेल त्याला आधी इथे आणून भाजून काढायची पद्धत सुरू झाली. भाजणारीला ऑफिसात सासू म्हणत. सासू म्हणजे मुलाखत घेणाऱ्याची भूमिका करणारा माणूस. घालून पाडून बोलायचं, तोंडातलं वाक्य तोडायचं, जिथे दुखतं नेमकं तिथेच बोट ठेवायचं. घरच्या सासूने आधीच एवढं छळायचं की बाहेरच्यांचा छळ माहेरपण वाटावं, असा त्यातला विनोद. हे नाव बाबांनी पाडलं होतं. बाबा या कंपनीचे जनसंपर्क प्रमुख, आणि पहिली सासू तेच. ते निवृत्त झाले आणि खुर्ची तिच्याकडे आली. लोक म्हणाले, पोरीने बापाचं नाव राखलं. कंपनी तोफगोळ्याच्या टोकाला बसणारा भाग बनवते, गोळ्याला ज्याच्यामुळे कळतं की आता फुटायचं. "आपण गोळे करत नाही," बाबा म्हणायचे, "आपण फक्त गोळ्याची अक्कल करतो." पाहुणे हसायचे. तीही हसायची.

"सासूबाई, जीभ गिळलीत का?" वकीलबाई म्हणाल्या. "त्यांचं बोलून झालं. तुमची पाळी."

तिने हातातल्या कागदाकडे पाहिलं. वरचा प्रश्न तिनेच लिहिलेला होता. युद्ध चालू असलेल्या त्या देशात पाण्याच्या टँकरपुढे लोक रांगेत उभे होते आणि रांगेवर गोळा पडला. नंतर कुणीतरी एका म्हाताऱ्याच्या तळहाताचा फोटो काढला. तळहातावर धातूचा एक तुकडा आणि तुकड्यावर कंपनीचा शिक्का. कंपनीने त्या देशाला काही विकलं नव्हतं. विकलं होतं शेजारच्या एका सभ्य, शांत देशाला. तिथून माल पुढे गेला. माल पुढे जाणार हे विकतानाच तुम्हाला ठाऊक होतं का, एवढाच प्रश्न होता आणि संध्याकाळी सात वाजता तो साहेबांना सगळ्या देशासमोर विचारला जाणार होता. सरकारने निर्यातीचा परवाना रोखून धरला होता. आजची मुलाखत नीट पार पडली तर तो सुटणार होता, नाहीतर कारखाना बसणार होता, आणि म्हणून कंपनीचे प्रमुख असलेले साहेब सकाळपासून कोट घालून तळघरात घाम पुसत होते.

"हे वाक्य," ती म्हणाली, "तुम्हाला कुणी दिलं?"

"हा कागदावरचा प्रश्न आहे का?" साहेब हसले. मुलाखतीच्या सोंगात ते तिला तुम्ही म्हणत, सोंग उतरलं की तू. आता उतरलं. "अगं, तुझ्या बाबांनी! दुसऱ्या कुणाला सुचणार? मागे त्या दवाखान्यावर गोळा पडल्याचं प्रकरण झालं होतं, तेव्हा मी नवा नवा होतो. त्यांनी मला आरशासमोर उभं केलं. म्हणाले, आधी चष्मा काढा. चष्मा काढलेला माणूस खोटं बोलतोय असं कुणाला वाटत नाही. मग मान खाली. मग मनातल्या मनात स्वतःच्या आईचं नाव घ्या, तेवढाच वेळ थांबा. आणि मग हे वाक्य. समोरचा गार! अरे, विचारणाऱ्याचंच सांत्वन करायचं, म्हणजे तो पुढे विचारेल कशाला?" कॅमेरावाला मागून म्हणाला, "यांचे बाबा म्हणजे जादूगार होते. मी त्यांच्याकडे रजा मागायला जायचो, आणि न घेताच खूश होऊन परत यायचो." सगळे हसले. ती हसली की नाही, हे तिचं तिलाच कळलं नाही.

मागे, म्हणजे काही वर्षांपूर्वी. म्हणजे इस्पितळातल्या त्या दुपारच्या कितीतरी आधी. तिला ती दुपार इतकी स्वच्छ दिसत होती की समोरचे दिवे मंद वाटू लागले. खिडकीला हिरवा पडदा होता, त्याची एक कडी तुटलेली, म्हणून उन्हाची एक पट्टी रोज बाबांच्या पायांवरून सरकत सरकत भिंतीवर चढायची. शेजारच्या खाटेवरचा माणूस झोपेतसुद्धा खोकायचा. बाबांना रोज दुपारी पेपर वाचून दाखवावा लागे. बातमीशिवाय राहणं त्यांना औषधाशिवाय राहण्यापेक्षा कठीण. त्या दिवशी रांगेची बातमी होती, फोटोसकट, आणि तिने पान उलटलं. बाबा डोळे मिटून पडले होते. "मधलं पान गिळलंस," ते म्हणाले. आयुष्यभर दुसऱ्यांना पानं गिळायला शिकवलेला माणूस. मग तिने वाचलं. सगळं वाचलं, तळहातासकट. वाचून झाल्यावर कागद घडी करून ठेवला, आणि जे ती कारखान्यात कुणालाही चेहरा न हलवता विचारू शकली असती ते तिने कापऱ्या आवाजात बापाला विचारलं. "बाबा, हा तुमच्या वेळचा करार आहे. माल पुढे जाणार हे तुम्हाला ठाऊक होतं का?"

त्यांनी चष्मा काढला. सुई टोचलेल्या हाताने काढला, म्हणून वेळ लागला. मिटून पांघरुणावर ठेवला. मान खाली घातली, थांबले आणि म्हणाले, "हे विचारायला तुला किती जड गेलं असेल, ते मला कळतं." आणि ती कोसळली. खाटेच्या कडेवर डोकं टेकून लहान मुलीसारखी रडली. ते केसांवरून हात फिरवत राहिले आणि नळीतलं पाणी थेंबाथेंबाने त्यांच्यात उतरत राहिलं. नर्स आली, तिने टॉवेल दिला, "रडू नका हो, आजोबा बरे होतील," म्हणाली. मग चहा आला. मग उन्हाची पट्टी भिंतीवर गेली. त्याच आठवड्यात बाबा गेले, आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगत राहिली, आत्याला, शेजाऱ्यांना, मामाला, की शेवटी बाबा मनातलं बोलले, आमच्यात काही राहिलं नाही. आत्या डोळे पुसायची. आईलाही सांगितलं. आई टॉवेलांच्या घड्या घालत होती. ती "हं" म्हणाली आणि घड्या घालत राहिली.

ठाऊक होतं का? या प्रश्नाचं उत्तर त्या दुपारी मिळालंच नव्हतं. हे तिला आज कळत होतं, तिला, जिचा सगळा पगारच उत्तर न देणाऱ्याला पकडण्याचा होता. एखादा साधा कारकूनसुद्धा असं फसला नसता, कारण त्याने वाक्य ऐकलं असतं आणि पुन्हा विचारलं असतं, मग काय, होतं का ठाऊक? ती मात्र माहीतगार. माहीतगाराला दुसऱ्याच्या हातातले पत्ते दिसतात, स्वतःच्या बापाच्या हातातले दिसत नाहीत. तिला चीड आली, पण कुणाची ते नक्की होईना. मेलेल्या माणसाची चीड येणं म्हणजे बंद दारावर डोकं आपटणं. म्हणून ती साहेबांकडे वळली. त्यांच्या गुळगुळीत दाढीकडे, दाढीखाली कोटाला लावलेल्या छोट्या माईककडे. यांना ते वाक्य आधी मिळालं. हे आधीचे, आपण नंतरचे. आपल्याला उष्टं मिळालं.

की उलटं असेल? की ते घरातलंच असेल, आणि बाबांनी ते घरून ऑफिसात नेलं असेल, जसे ते जेवणाचा डबा नेत? ती लहान होती तेव्हा संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बाबा तिला समोर बसवायचे आणि हातात केसांचा ब्रश द्यायचे. हा माईक. विचार. ती विचारायची, "तुमच्या गोळ्यांनी माणसं मरतात का?" दुसऱ्यांची मुलं भातुकली खेळत आणि ही हे. बाबा खूश व्हायचे. "शाबास. आता बघ. प्रश्न म्हणजे पाहुणा. त्याला दारातून हाकलायचं नाही, मग तो रस्त्यात उभा राहून बोंबलतो. त्याला या म्हणायचं, बसा म्हणायचं, पाणी द्यायचं. आणि आपण आपलं काम चालू ठेवायचं." आई नळाशी भांडी घासत असायची. एकदा ती पाठ न वळवताच म्हणाली, "आणि पाहुणा हललाच नाही तर?" बाबा म्हणाले, "हलतो गं. त्याला पुढच्या घरी जायचं असतं. मधे जाहिराती असतात." ती आणि बाबा एवढे हसले की ब्रश खाली पडला. आई हसली होती का, हे आठवत नव्हतं. आईचा चेहरा त्या आठवणीत नव्हताच. पाठ होती, आणि नळाचा आवाज.

"आपल्याला वेळ नाही," वकीलबाई पॅडवर पेन आपटत म्हणाल्या. "चष्मा, मान, वाक्य, मग गुणवत्तेच्या कसोट्या, मग कामगारांची कुटुंबं. मला सगळं पटतंय. सासूबाई, यात भोक आहे का ते सांगा. भोक शोधायचे पैसे मिळतात तुम्हाला."

भोक होतं. एवढं मोठं होतं की त्यातून अख्खा कारखाना बाहेर गेला असता. संध्याकाळी मुलाखत घेणाऱ्या बाईने फक्त इतकंच म्हणायचं होतं, मला जड गेलं नाही, उत्तर द्या. सहा शब्दांचं काम. त्या सहा शब्दांपुढे चष्मा नुसता चष्मा राहिला असता आणि मान नुसती खाली गेलेली मान. ते शब्द तिच्या जिभेवर तयार होते. आणि तिला कळलं की आपल्याला ते म्हणता येत नाहीत. इथे, या खोलीत, ते एकदा म्हटले की वाक्य मरणार होतं, आणि इथे मेलं की इस्पितळातही मरणार होतं, हिरव्या पडद्याच्या शेजारी, पांघरुणावरच्या चष्म्यासकट. मग त्या दुपारचं काय उरणार होतं? एक म्हातारा धंदेवाईक आणि त्याची भोळी पोर. माणसाने एकच वस्तू वारसा म्हणून ठेवावी आणि ती खोटी निघावी, तरी फेकवत नाही. ती पेटीच्या तळाशी जाते.

"नाही," ती म्हणाली. "भोक नाही. चालेल हे."

वकीलबाईंनी तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. कॅमेरावाल्याने दिवे घालवले, आणि अंधारात डोळ्यांपुढे तीन हिरवे ठिपके तरंगत राहिले.

गाडीत साहेब पुढच्या सीटवर बसून खिडकीच्या काचेत बघत चष्मा काढायचा सराव करत होते. वकीलबाई मागे तिच्या शेजारी फोनवर कुणालातरी परवान्याबद्दल हळू आवाजात समजावत होत्या. रस्ता चौकाचौकात थांबत होता. एका चौकात खांबावर तोच फोटो चिकटवलेला होता, तळहाताचा, खाली लाल अक्षरांत कंपनीचं नाव आणि एक शिवी. कुणीतरी तो अर्धा फाडला होता, त्यामुळे तळहात राहिला होता आणि तुकडा गेला होता. "तुझे बाबा म्हणजे सोनं होतं," साहेब काचेतूनच म्हणाले. "असा माणूस पुन्हा होणे नाही. बरं, चष्मा डाव्या हाताने काढू की उजव्या?"

"बाबांनी सुई टोचलेल्या हाताने काढला होता," असं तिच्या अगदी ओठांवर आलं. "उजव्या," ती म्हणाली.

वाहिनीच्या इमारतीत थंडी मांस ठेवायच्या खोलीसारखी होती. मेकअप करणाऱ्या मुलीने साहेबांच्या कॉलरमध्ये कागदी रुमाल खोचले आणि टकलावर पावडर थापली. तेवढ्यात मुलाखत घेणारी बाई दारात येऊन उभी राहिली. बुटकी, केस घट्ट मागे बांधलेले, हातात एकही कागद नाही. नमस्कार नाही, हसणं नाही. "तालीम झाली का?" तिने विचारलं. साहेब म्हणाले, "अहो, सत्याला तालीम कशाला लागते?" "हो ना," बाई म्हणाली, "म्हणून तर मीही करून आले नाही." आणि मग साहेबांना ओलांडून तिने कोपऱ्यात उभ्या असलेल्या तिच्याकडे बघितलं, बूट, पिशवी, चेहरा. "तुम्ही शिकवणाऱ्या का? कसं जमतं हो घरी जाऊन जेवायला?" या प्रश्नाला कसं उत्तर द्यायचं ते तिला ठाऊक होतं. चार प्रकारांनी ठाऊक होतं. तिने एकही वापरला नाही, आणि बाई ओठ मुडपून निघून गेली.

पाहुण्यांच्या खोलीत भिंतीवर टीव्ही होता. वकीलबाई सोफ्याच्या काठावर बसल्या. ती उभीच राहिली. पहिली काही मिनिटं साहेब उत्तम होते. या म्हणाले, बसा म्हणाले, पाणी दिलं. बाईने दोनदा त्यांचं वाक्य तोडलं तरी त्यांनी आवाज चढवला नाही. पडद्यावर तो तळहात आला. बाई म्हणाली, "हा शिक्का तुमचा?" साहेब म्हणाले, तपास चालू आहे. "शिक्का वाचायला तपास कशाला लागतो? मला इथून दिसतोय." साहेब म्हणाले, आमचा प्रत्येक व्यवहार कायद्याच्या चौकटीत आहे. "चौकट मी विचारली नाही. तुम्ही माल शेजारी विकलात. तो पुढे या युद्धात जाणार हे विकताना तुम्हाला ठाऊक होतं का?"

साहेबांनी चष्मा काढला. ती भिंतीला टेकली. टीव्हीत साहेबांची मान खाली गेली, मनातल्या मनात आईचं नाव घेण्याएवढा वेळ गेला आणि ते वाक्य आलं, ऊबदार, थोडं घोगरं, सकाळपेक्षाही चांगलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. अजूनही येत होतं! लाज वाटावी इतकं सहज. आणि त्याच वेळी तिच्यातलं काहीतरी त्या बुटक्या बाईला विनवत होतं, फसू नकोस, आणि दुसरं काहीतरी विनवत होतं, फस, फस, म्हणजे मी एकटी नाही.

"नाही," बाई म्हणाली. "मला अजिबात जड गेलं नाही. मी सकाळपासून वाट बघतेय हे विचारायची. ठाऊक होतं का?"

साहेबांचा हात चष्म्याकडे गेला, मागे आला. ते पाणी प्यायले. पेला ठेवताना तो टेबलाच्या काठावर लागला आणि माईकने तो आवाज घराघरांत नेला. ते काही शोधत होते, खिशातली किल्ली शोधावी तसं, आणि तिला ठाऊक होतं की तिथे काही नाही, कारण ते ठेवायचं काम तिचं होतं. बाई थांबली होती. तिला कुठेच जायचं नव्हतं. मग साहेबांच्या चेहऱ्यावर हळूच एक शांती आली.

"हे बघा," ते म्हणाले, "तो व्यवहार झाला तेव्हा बाहेरच्या जगाशी बोलण्याचं सगळं काम आमच्या त्या वेळच्या जनसंपर्क प्रमुखांकडे होतं. सरकारी खात्यांना, पत्रकारांना, आम्हालासुद्धा खात्री त्यांनी दिली. आम्ही त्यांच्या शब्दावर विसंबलो. ते आता हयात नाहीत. गेलेल्या माणसाबद्दल वावगं बोलावं, हा माझा स्वभाव नाही."

"म्हणजे त्यांना ठाऊक होतं?"

"त्यांना ठाऊक नव्हतं, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही."

"सुटले!" वकीलबाईंनी मांडीवर थाप मारली. मग त्यांना ती दिसली. "अगं... तू मनाला लावून घेऊ नकोस. त्यांना आता काय फरक पडतो? आणि नाव तर घेतलं नाही ना?"

साहेब बाहेर आले तेव्हा कॉलरला पावडर लागलेली होती. त्यांनी तिच्याकडे बघितलं, आणि तिला वाटलं होतं तशी त्यांची नजर खाली गेली नाही. ते चिडलेले होते. "सकाळी का नाही विचारलंस?" ते म्हणाले. "हे एवढंसं? ती कालची पोर विचारू शकते आणि तू नाही? मला उघड्यावर सोडलंस. मग थंडीत माणूस हाताला लागेल ते पांघरतो." ते खरं होतं. तिने बापाचं वाक्य वाचवलं होतं आणि त्याच्या बदल्यात बाप दिला होता.

ती टॅक्सीने आईकडे गेली. मांडीवर फोन थरथरत होता, थांबत होता, पुन्हा थरथरत होता, तिने तो पालथा ठेवला. साहेब खोटं बोलले. हे ती पहिल्या चौकात मनाशी म्हणाली. दुसऱ्या चौकात म्हणाली, साहेबांनी स्वतःला वाचवायला बाबांना पुढे केलं, पण म्हणून ते खोटंच असेल असं नाही. चोरही कधी कधी खरा पत्ता सांगतो. तिसऱ्या चौकात तिने बाबांचा हात आठवून पाहिला, केसांवरून फिरणारा, आणि तो हात खरा होता, जड होता, त्याला औषधांचा वास होता. हात शिकवलेला नव्हता. की तोही? आईच्या इमारतीच्या दारात दोघंजण उभे होते, एकाच्या खांद्यावर कॅमेरा. इतक्यात पत्ता काढला होता. त्यांनी तिला ओळखलं. "मॅडम, तुमचे वडीलच ना ते? त्यांना ठाऊक होतं का? दोन शब्द!" आणि तिने तोंड उघडलं, आणि तोंड आपोआप म्हणालं, "तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि या वेळी आमच्या कुटुंबाला..." तिने तोंड मिटलं. दोन जिने ती पळत चढली.

दार आईने उघडलं, पुन्हा कडी लावली आणि टेबलाशी जाऊन बसली. टेबलावर मटारच्या शेंगा होत्या, अर्ध्या सोललेल्या. टीव्ही बंद होता, पण त्याच्या काचेवर हात धरला असता तर ती अजून कोमट लागली असती. बाबांची खुर्ची भिंतीला लावून ठेवली होती, तिच्यावर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग. आई सोलत राहिली. तिचा अंगठा शेंगेच्या शिवणीवर दाबला जाई, शेंग टचकन उघडे, दाणे भांड्यात पडत.

"बघितलंस?"

"बघितलं. तो माणूस जाड झालाय."

"आई." तिने पिशवी खाली ठेवली, आणि तिला दिसलं की आपण खुर्ची ओढून समोर बसतोय, सासूसारख्या, पाठ ताठ. ती पुन्हा उठून उभी राहिली. "आई, बाबांना ठाऊक होतं का?"

"हो," आई म्हणाली.

दाणे भांड्यात पडले. एवढंच. मान खाली गेली नाही, मधे थांबा नव्हता. इतकं छोटं उत्तर तिने किती वर्षांत ऐकलं नव्हतं. तिला वाटलं होतं की हे ऐकल्यावर काहीतरी कोसळेल, पण काही कोसळलं नाही. उलट बाबा पहिल्यांदाच पूर्णपणे गेले, आणि खोलीत त्यांची रिकामी जागा नुसती जागा म्हणून उरली.

"कधीपासून?"

"पहिला माल गेला तेव्हापासून. भांडी पुसत होते माझ्याशेजारी. म्हणाले, ते लोक माल पुढे पाठवणार आहेत, सगळ्यांना ठाऊक आहे. मी म्हटलं, मग सोडा ती नोकरी. बघू म्हणाले."

"मग?"

"मग काय? मी परत म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांचा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर ठेवला. पुढची सगळी वर्षं ठेवला."

"मला का नाही सांगितलंस कधी?"

आईने हातातली शेंग खाली ठेवली. "तू मला विचारलंस कधी? या टेबलाशी तुम्ही दोघं एकमेकांना विचारत होतात. एवढे प्रश्न, एवढी उत्तरं. मला वाटायचं, कधीतरी पाठीमागे वळून म्हणेल ही पोरगी, आई, तुला काय वाटतं? इस्पितळातून आलीस, म्हणालीस बाबा मनातलं बोलले. मी म्हटलं, बरं. आता हिच्या बापाला हिच्यापासून मी कशाला हिरावून घेऊ?"

ती काही म्हणणार तोच घंटी वाजली. थांबली, पुन्हा वाजली, लांब. दाराबाहेरून आवाज आला, "बाई, दोनच मिनिटं! तुमच्या मिस्टरांविषयी!" जिन्यावर आणखी पावलं चढत होती. तिच्या डोक्यात चार वाक्यं आपसूक रांगेत उभी राहिली, एकापेक्षा एक सभ्य. दुःखाची, मग खाजगीपणाची, मग तपासाची, मग आभारांची. सरावलेला हात केसांवरून फिरला, कॉलर नीट केली.

"तू आत जा, आई. मी बोलते."

आई उठली. टॉवेलला हात पुसले, एकेक बोट, घाई न करता. "नाही," ती म्हणाली, "तू नको. तुला बोलता येतं." आणि तिला बाजूला सारून तिने कडी काढली.